फुफ्फुसाच्या वाटेनं इन्सुलिन

(जागतिक मधुमेह दिनानिमित्त नागपुरात औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आणि नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

माझ्या हातात हे जे आहे ते तुमच्यापैकी पुष्कळांनी लांबूनच ओळखलं असेल. रोटाहेलर. दम्याचा रुग्ण असलेल्या घरात हमखास सापडणारं, स्वस्तातलं प्लास्टिकचं उपकरण. वरून कॅप्सूल खोचायची, खालचा भाग फिरवायचा, कॅप्सूल आत उघडते, मग तोंडाला लावून जोरात श्वास ओढायचा. औषधाची पावडर थेट श्वासनलिकेत. आमच्या फार्मसीच्या वर्गात हे उपकरण हातात घेतलं की कुणीतरी विचारायचंच, ‘सर, मग इन्सुलिन यातून का देत नाहीत? सुईची कटकटच मिटेल ना?’

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर देण्यात जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांची वर्षं आणि अब्जावधी डॉलर खर्ची पडले आहेत. आज मी त्या उत्तराबद्दल बोलणार आहे. मला एवढंच पटवून द्यायचं आहे की इन्सुलिनची पावडर बनवणं हे अर्धंच काम आहे. ती कुठल्या हवेत ठेवली जाणार आणि कुणाच्या फुफ्फुसात जाणार हे धरून ती बनवावी लागते. आपल्या हवेसाठी आणि आपल्या फुफ्फुसांसाठी ती अजून कुणी बनवलेली नाही.

आज १४ नोव्हेंबर, फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. टोरांटोमध्ये बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लिओड यांनी १९२१-२२मध्ये इन्सुलिन शोधून काढण्याचं जे काम केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते फारसं लागू पडलं नाही, उलट टोचल्या जागी गळू आलं. कॉलिप यांनी रात्रंदिवस खपून अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली आणि मुलाची साखर उतरली. औषध तेच होतं, ते रुग्णाला देण्याजोगं करणारा माणूस कॉलिप. आमच्या शाखेतल्या मुलांनी हे नाव विसरू नये.

यानंतर तीनच वर्षांनी, १९२५मध्ये, जर्मनीत गेन्सलेन या डॉक्टरांनी इन्सुलिनचा फवारा रुग्णांना श्वासावाटे देऊन पाहिला आणि साखर कमी झाल्याचं नोंदवलं. म्हणजे ही कल्पना इन्सुलिनच्या इंजेक्शनाएवढीच जुनी आहे. पण श्वासावाटे घ्यायचं पहिलं इन्सुलिन बाजारात यायला २००६ साल उजाडलं. मधली ८० वर्षं कुठे गेली?

इन्सुलिन हे प्रथिन आहे. दोन साखळ्या, एकीत २१ अमिनो आम्लं, दुसरीत ३०. गिळलं तर जठरात आणि आतड्यात त्याचं जे व्हायचं तेच होतं, डाळीतल्या प्रथिनासारखं ते पचून जातं. म्हणून टोचायचं. फुफ्फुसात मात्र तशी पचनाची यंत्रणा नाही. ३० ते ५० कोटी वायुकोश, त्यांचं एकूण क्षेत्रफळ ७० ते १०० चौरस मीटर, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ. एवढी मोठी आणि एवढी नाजूक खिडकी शरीरात दुसरीकडे कुठेही नाही. प्राणवायूसाठी निसर्गानं उघडी ठेवलेल्या या खिडकीतून इन्सुलिनसुद्धा रक्तात उतरतं.

अडचण आहे ती तिथपर्यंत पोचण्याची. आपला घसा आणि श्वासनलिका धूळ अडवण्यासाठीच बनलेल्या आहेत. कण ५ मायक्रॉनपेक्षा मोठा असेल तर तो वळण घेऊ शकत नाही, घशावर आदळून तिथंच चिकटतो आणि मग गिळला जातो. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा असेल तर तो हवेबरोबर आत जातो आणि तसाच उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. कामाचा पट्टा एक ते पाच मायक्रॉन, आणि खोल वायुकोशांपर्यंत न्यायचं तर एक ते तीन. यात आणखी एक मेख आहे. हा आकार पट्टीनं मोजायचा आकार नव्हे, तो कण हवेत कसा वागतो त्याचा आकार आहे. पोकळ, हलका, सच्छिद्र कण दिसायला मोठा असला तरी हवेत लहान कणासारखा वागतो. १९९७मध्ये एडवर्ड्स, लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सच्छिद्र कण वापरून इन्सुलिन देता येतं हे प्राण्यांवर दाखवलं, आणि त्यातून या क्षेत्रातला विचारच बदलला.

मग दम्याचं औषध इतक्या सहज कसं जातं? ते आत जाताना बरंचसं वाया जातं, आणि वाया गेलं तरी चालतं. रोटाकॅपमध्ये, म्हणजे रोटाहेलरच्या कॅप्सूलमध्ये, औषधाचे बारीक कण लॅक्टोजच्या जाड्या कणांवर बसवलेले असतात. श्वासाच्या झोतात औषध सुटून आत जातं, लॅक्टोज घशातच राहतं. थोडं कमीजास्त गेलं तर दम्याच्या रुग्णाला आणखी एक झुरका घेता येतो. इन्सुलिनमध्ये ही मुभा नाही. दोन युनिट जास्त गेली तर माणूस घामाघूम होऊन खाली बसतो, कमी गेली तर साखर चढून राहते. शिवाय लॅक्टोज इथे कामाचं नाही. ती क्रियाशील साखर आहे, प्रथिनाच्या अमिनो गटाशी हळूहळू जोडली जाते आणि इन्सुलिन बिघडवते. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं. दम्याच्या औषधासाठी सगळ्यात भरवशाचा असलेला घटक इथे पहिल्याच पायरीवर बाद होतो.

आता पावडर बनते कशी ते सांगतो. मला यातला हाच भाग सगळ्यात जवळचा आहे, तेव्हा थोडा वेळ घेईन.

प्रयोगशाळेतला स्प्रे ड्रायर तुम्ही पाहिला असेल. काचेची उभी नळी, वरून द्रावण येतं, बारीक तोटीतून दाबाखालच्या हवेबरोबर त्याचे तुषार होतात, आणि शंभर-सव्वाशे अंशांच्या गरम हवेत ते खाली येतात. इन्सुलिन जळत नाही का, हा प्रश्न पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या तोंडी असतो. नाही जळत. थेंबातलं पाणी उडत असताना थेंब स्वतः थंड राहतो, आणि सुकण्याचं काम एका सेकंदाच्याही आत उरकतं. सुकलेला कण मग चक्रीवाताच्या काचपात्रात, म्हणजे सायक्लोनमध्ये, भिंतीकडे फेकला जाऊन खालच्या बाटलीत जमतो.

जमायला हवा, असं म्हणणं जास्त खरं. कारण तो भिंतीलाच चिकटतो. ज्यानं हे काम केलं आहे त्यानं काचेच्या आतून पांढरा थर खरवडून काढला आहे. एवढे बारीक कण एकमेकांना आणि भिंतीला सोडतच नाहीत. हवेत कोरडेपणा असेल तर स्थिर विजेमुळे चिकटतात, दमटपणा असेल तर ओलाव्यामुळे. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाचा जसा गठ्ठा होतो तसंच हे, फक्त इथे तो गठ्ठा डोळ्यांना दिसत नाही. पावडर वरून मोकळी, भुरभुरीत दिसते, पण दोन मायक्रॉनचे शेकडो कण एकत्र येऊन वीस मायक्रॉनची गाठ झालेली असते, आणि ती गाठ घशातच राहते.

त्यावर एक सुंदर उपाय आहे, ल्युसीन. हे अमिनो आम्ल आपल्या रोजच्या अन्नात असतंच. द्रावणात इन्सुलिनबरोबर थोडं ल्युसीन घातलं की तुषार सुकताना ते आधी थेंबाच्या पृष्ठभागावर येतं. ते पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे थेंब आटू लागला की तेच पहिल्यांदा बाहेर पडून कवच धरतं. आतलं पाणी निघून जातं, कवच आत बसतं, आणि कण सुरकुतलेला होतो. सुरकुतलेल्या दोन कणांचा एकमेकांना स्पर्श होतो तो टोकांवरच. वरून ल्युसीनला पाण्याचं वावडं. त्यामुळे अशी पावडर श्वासाच्या झोतात चटकन सुटी होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ल्युसीन नसलेले गुळगुळीत गोळे आणि ल्युसीन असलेले सुरकुतलेले कण शेजारी शेजारी पाहिले की सगळा धडा एका नजरेत समजतो.

आणि पावडर किती चांगली झाली हे ठरवायचं कसं? कॅस्केड इम्पॅक्टर नावाचं यंत्र असतं. एकाखाली एक तबकड्या, प्रत्येक तबकडीच्या वरची भोकं आणखी बारीक. पंपानं हवा ओढायची, इनहेलरमधली पावडर त्यात सोडायची, आणि मग एकेक तबकडी धुऊन तिच्यावर किती इन्सुलिन सापडलं ते मोजायचं. पहिल्या तबकड्यांवर सापडलं ते घशात गेलं असं धरायचं, खालच्यांवर सापडलं ते फुफ्फुसात. कष्टाचं, कंटाळवाणं काम आहे. पण ते केल्याशिवाय पावडरीबद्दल बोलायचा अधिकार मिळत नाही.

आता बाजारातल्या दोन पावडरींची गोष्ट.

पहिली एक्झुबेरा. नेक्टर कंपनीचं तंत्र, फायझर कंपनीचं उत्पादन. जानेवारी २००६मध्ये अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे परवानगी मिळाली. मी आत्ता सांगितलं तसंच हे इन्सुलिन फवारून सुकवलेलं होतं, जोडीला मॅनिटॉल, ग्लायसीन आणि सोडियम सायट्रेट. हे घटक पावडरीला काचेसारख्या अवस्थेत ठेवतात. त्या अवस्थेत इन्सुलिनच्या रेणूला हलायला, वळायला जागाच राहत नाही, म्हणून ते बिघडतही नाही. यामुळे एक फार मोठी गोष्ट साधली होती. एक्झुबेराला फ्रिज लागत नव्हता. साधारण २५ अंशांना ठेवायचं, उलट फ्रिजमध्ये ठेवू नका असं त्यावर लिहिलेलं होतं. वरचं फॉइल फोडलं की ओल लागू न देता तीन महिन्यांत वापरायचं.

तरीही ऑक्टोबर २००७मध्ये फायझरनं ते मागे घेतलं आणि २८० कोटी डॉलरचा तोटा सोसला. कारणं पुष्कळ सांगितली जातात. उपकरण मोठं होतं, बंद असताना चष्म्याच्या डबीएवढं आणि उघडल्यावर जवळपास फूटभर. चारचौघांत ते बाहेर काढायला रुग्ण तयार नसत. टोचलेल्या इन्सुलिनच्या तुलनेत दहाव्या हिश्श्याएवढंच रक्तात पोचत होतं, म्हणजे तेवढ्याच परिणामासाठी दहापट इन्सुलिन खर्च. पण मला सगळ्यात बोचतो तो डोसाचा हिशेब. औषध मिलिग्रॅममध्ये होतं आणि रुग्ण आयुष्यभर युनिटमध्ये मोजत आलेला. १ मिलिग्रॅमची पुडी म्हणजे साधारण ३ युनिट, ३ मिलिग्रॅमची म्हणजे साधारण ८. बरं, १ मिलिग्रॅमच्या तीन पुड्या घेतल्या तर त्या ३ मिलिग्रॅमच्या एका पुडीएवढ्या भरत नव्हत्या, त्यांतून जास्तच इन्सुलिन रक्तात जायचं. मोठी पुडी संपली म्हणून तीन छोट्या घेणारा माणूस काही चुकीचं करत नाही, शाळेत शिकलेला गुणाकारच करतो. त्या गुणाकारानं त्याची साखर धोक्याइतकी खाली उतरू शकते. आपल्याकडे आजही मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटलीला १०० युनिटची सिरिंज लावल्यानं गोंधळ होतात, सिरिंजची लाल टोपी आणि केशरी टोपी नीट समजावून सांगावी लागते. तिथे हा हिशेब कसा चालला असता?

एक्झुबेरा गेल्यावर बाकीच्यांनीही हात आखडले. नोव्हो नॉर्डिस्कनं आपलं द्रवरूप फवाऱ्याचं काम जानेवारी २००८मध्ये थांबवलं, पाठोपाठ मार्चमध्ये लिली कंपनीनं पावडरीचं. एप्रिलमध्ये एक्झुबेराच्या चाचण्यांतल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचे आकडे जाहीर झाले, औषध घेणाऱ्यांत सहा जण, तुलनेच्या गटात एक. सगळे पूर्वी धूम्रपान केलेले. एवढ्या लहान संख्येवरून कारण ठरवता येत नाही, पण त्यानं भीती बसली, आणि ती भीती रास्तच होती. फुफ्फुसात आयुष्यभर रोज तीन वेळा काही घ्यायचं तर त्याचा हिशेब कडकच असायला हवा.

एकटा आल्फ्रेड मान नावाचा माणूस थांबला नाही. पेसमेकर आणि इन्सुलिन पंप यांच्या उद्योगात त्यानं प्रचंड पैसा मिळवला होता, तो त्यानं या कामात ओतला. त्याच्या मॅनकाइंड कंपनीची पावडर मुळातच वेगळी आहे. एफडीकेपी नावाचा एक लहान रेणू आम्ल द्रावणात आपोआप पातळ चकत्यांसारखे स्फटिक धरतो आणि त्या चकत्या एकत्र येऊन दोन-अडीच मायक्रॉनचा सच्छिद्र गोळा बनतो. त्याच्या पृष्ठभागावर इन्सुलिन बसवायचं. फुफ्फुसातला ओलावा आम्ल नसतो, तिथे पोचताच गोळा विरघळतो आणि इन्सुलिन मोकळं होतं. एफडीकेपी रक्तात जाऊन लघवीवाटे जसाच्या तसा निघून जातो. मला या कल्पनेबद्दल अतिशय आदर वाटतो. नेण्याचं काम आणि सोडण्याचं काम एकाच गुणधर्मावर चालतं.

हेच अफ्रेझा. २७ जून २०१४ रोजी अमेरिकेत परवानगी मिळाली. उपकरण तळहातात मावणारं, पंधरा दिवस वापरून टाकून द्यायचं. ४, ८ आणि १२ युनिटची वेगवेगळ्या रंगांची कार्ट्रिज. आणि वेग? घेतल्यापासून १२ ते १५ मिनिटांत रक्तातलं इन्सुलिन शिखरावर, दीड ते तीन तासांत परिणाम ओसरलेला.

हा वेग किती मोलाचा आहे ते आपल्याकडच्या लग्नात कळतं. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी टोचायचं असतं. काका वेळेवर टोचून घेतात. मग वरात लांबते, पंगत बसायला दीड तास लागतो, आणि काका मांडवाच्या कोपऱ्यात थरथरत बसलेले. बरं, त्याचा परिणाम सहा-आठ तास रेंगाळतो, म्हणजे जेवण पचल्यावरही ते रक्तात काम करतच राहतं. अफ्रेझा पान वाढल्यावर घ्यायचं. डोसाबद्दल मात्र सावध राहायला हवं. कार्ट्रिजवरचे ४ म्हणजे सुईतले ४ असं जुळत नाही. अलीकडच्या अभ्यासांत सुईच्या जवळपास दुप्पट आकड्यापासून सुरुवात केली गेली. हा बदल डॉक्टरांनीच करायचा, घरी आकडेमोड करून नव्हे.

भारतात अफ्रेझा आणण्यासाठी सिप्लानं मॅनकाइंडशी २०१८मध्ये करार केला आणि डिसेंबर २०२४मध्ये केंद्रीय औषध नियामकांनी प्रौढांसाठी परवानगी दिली. म्हणजे हा विषय आता आपल्या दारात आलेला आहे.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो तिथे येतो. वर्ध्याच्या बाजूचे एक शेतकरी मला एकदा म्हणाले होते, ‘सर, सुई तं मी टोचून घेतो, त्याचं काही नाही. पण मे महिन्यात हे औषध ठेवू कुठं? लाइन जाते तं दिवसदिवस येत नाही.’ त्यांच्या घरी इन्सुलिनची बाटली माठात ठेवलेली. विदर्भात हे घरोघरी दिसतं, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्याचा उपयोगही होतो. सुईच्या भीतीबद्दल शहरात फार बोललं जातं, पण आजच्या पेनची सुई ४ मिलिमीटरची आहे, सवयीनं ती जाणवेनाशी होते. फ्रिज आणि वीज यांची सवय लावून घेता येत नाही.

पावडर आली की फ्रिज सुटला, असं सगळे गृहीत धरतात. अफ्रेझाच्या बाबतीत तसं नाही. ते फ्रिजमध्येच ठेवायचं. फ्रिजबाहेर न फोडलेलं पाकीट दहा दिवस, फोडलेली पट्टी तीन दिवस. त्याउलट चालू असलेली इन्सुलिनची बाटली थंड जागी बाहेर चार आठवडे चालते. म्हणजे या एका बाबतीत नवी पावडर जुन्या बाटलीपेक्षा लाडावलेली आहे. एक्झुबेरानं फ्रिज सोडवला पण उपकरणात आणि हिशेबात हरली. अफ्रेझानं उपकरण आणि वेग साधला पण फ्रिज परत आणला. दोघींचे गुण एकत्र असलेली तिसरी पावडर अजून कुणी केलेली नाही. ट्रेहॅलोजसारखी साखर वापरून पावडरीची ती काचेसारखी अवस्था जास्त तापमानापर्यंत टिकवता येते, ही साखर लॅक्टोजसारखी प्रथिनाशी जोडली जात नाही, आणि ल्युसीनचं कवच ओल अडवतं. हे सुटे तुकडे आपल्या हातात आहेत.

पण परीक्षा कठीण घ्यावी लागेल. फ्रिजमध्ये ठेवायच्या औषधाची टिकाऊपणाची प्रवेगी, म्हणजे मुद्दाम जास्त उष्णतेत घेतलेली, चाचणी २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला होते. साध्या औषधाची ४० अंश आणि ७५ टक्क्यांना, सहा महिने. नागपूरचा मे ४५च्या वर जातो आणि जुलैमध्ये हवा ओलीचिंब असते. ओलावा हा काचेचा खरा शत्रू, थोडं पाणी शिरलं तरी ज्या तापमानाला ती मऊ पडते ते झपाट्यानं खाली येतं. म्हणजे मे महिना निभावलेली पावडर जुलैत बिघडेल. दोन्ही ऋतू एकापाठोपाठ एक सोसायला लावणारी चाचणी हवी, आणि ती इथल्या प्रयोगशाळांत करणं अवघड नाही.

दुसरी गोष्ट फुफ्फुसांची, आणि ती मला जास्त काळजीची वाटते. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीनं भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख सांगितली. यांतल्या किती जणांची फुफ्फुसं कधी तपासली गेली आहेत? एक्झुबेराच्या वेळी फार शिकवणारे अभ्यास झाले. धूम्रपान करणाऱ्यांत तेवढ्याच पावडरीतून कितीतरी जास्त इन्सुलिन शोषलं जात होतं. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार, असणाऱ्यांतही जास्त. दमा असणाऱ्यांत कमी. आणि स्वतः न ओढता दुसऱ्याच्या धुरात बसलेल्या माणसात तर कमीच. एकच पुडी, चार माणसं, चार वेगळे डोस. आता गोंदिया-भंडाऱ्याकडचा तेंदूपत्ता आणि विड्या डोळ्यांपुढे आणा, वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायका आणा, ज्यांनी कधी विडीला हात लावला नाही तरी ज्यांना सीओपीडी झालेला असतो. जुन्या क्षयाचे व्रण राहिलेली फुफ्फुसं आणा. ही माणसं अपवाद नाहीत, आपल्या ओपीडीतली गर्दी आहे.

अफ्रेझाच्या पाकिटावर ठळक चौकटीत इशारा आहे. दमा किंवा सीओपीडी असेल तर घ्यायचं नाही, श्वासनलिका एकदम आवळू शकतात. दम्याच्या १७ रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा ५ जणांना असं झालं. म्हणून सुरू करण्याआधी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची तपासणी, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. निरोगी फुफ्फुसांत पहिल्या सेकंदात फुंकल्या जाणाऱ्या हवेतली घट लहान दिसली, दोन वर्षांत तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ४० मिलिलिटर, आणि ती मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांतच. ते ठीक. पण ही फुंकायची तपासणी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात होते, धंतोलीतल्या दवाखान्यांत होते, गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते का? जिथे स्पायरोमीटर नाही आणि ते नीट करून घेणारा तंत्रज्ञ नाही, तिथे हे इन्सुलिन पोचूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. औषध विक्रेते बंधू इथे बसले आहेत. तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय कार्ट्रिज देऊ नका, ही त्यांना कळकळीची विनंती.

जाता जाता आणखी एक, कारण विदर्भात ते सांगितलंच पाहिजे. नव्या इन्सुलिनची चाचणी इथे घ्यायची तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीवर विसंबून चालणार नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खोटा कमी येतो, आणि सिकलसेल आपल्याकडे किती आहे ते मी सांगायला नको. प्रत्यक्ष रक्तातली साखर सतत मोजावी लागेल.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)

एका आजींनी विचारलं आहे, हे घेतलं की सुई कायमची बंद होईल का. आजी, सगळी नाही. हे फक्त जेवणापुरतं इन्सुलिन आहे. टाइप वनच्या रुग्णाला दिवसभराचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन टोचावंच लागतं, टाइप टूच्या अनेकांनाही. जेवणाआधीच्या सुया वाचतील. तुमच्या घरी चूल होती का, किती वर्षं होती, आणि जिना चढताना दम लागतो का, हे डॉक्टरांना आधी सांगा. खोकला राहतो तेही सांगा, ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आणि ते म्हणाले की नळीत फुंकून दाखवा, तर पोटात आहे नाही तेवढा सगळा श्वास बाहेर येईपर्यंत फुंका, मध्येच थांबू नका. आकडा खरा यायला तेवढं लागतं.